पूर ओसरल्यावर मुलांना कसं सांभाळावं

पूर ओसरला की मोठी माणसं घरातला गाळ उपसायला लागतात, पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट पाहतात. पोरं ओट्यावर गप्प बसलेली असतात. रडत नाहीत, म्हणून त्यांना काही झालं नाही असं सगळे धरून चालतात. ३१ ऑगस्ट २०२१ला चाळीसगाव तालुक्यात तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर आला, तेव्हा कोरोनामुळे आमच्या सहावीचे वर्ग बंदच होते. मुलांना भेटायला मी घरोघरी जायचे. तिथे जे पाहिलं, जे उपयोगी पडलं, ते सांगते.

पहिल्या दिवसांत "काय झालं ते सांग" म्हणून मुलाच्या मागे लागू नका. बळजबरीने बोलतं केल्याने भीती कमी होत नाही, उलट वाढू शकते. त्याला कोरडे कपडे हवेत, गरम खिचडी हवी, रात्री शेजारी ओळखीचं माणूस हवं. आपणहून बोलला तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. अहिराणीत बोलला तर अहिराणीतच बोला. मला "बरा आहे मॅडम" असं सांगणारा मुलगा आजीला बिलगून म्हणाला, "माले भ्याव वाटस." म्हणजे मला भीती वाटते. कुणी कॅमेरा घेऊन आलं तर पोराला पुढे करू नका. मोबाइलवरचे पुराचे व्हिडिओही त्याच्यासमोर लावू नका.

लहान मुलं अंथरूण ओलं करतात, आईचा पदर सोडत नाहीत, डबक्यात काड्या सोडून पूर-पूर खेळतात. खेळू द्या. पत्र्यावर पाऊस वाजताच एखादं थरथरायला लागलं, तर जवळ घ्या, पाय जमिनीला टेकवायला सांगा आणि आत्ता समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं विचारा.

मोठ्या मुलांच्या मनात बऱ्याचदा अपराधीपणा असतो, आणि तो लवकर ओळखू येत नाही. त्या पुरात कितीतरी गुरं वाहून गेली. एका मुलाने वासराचं दावं सोडलं नव्हतं. तो घरात कुणाशीही भांडायचा, जेवायचा नाही, आणि सगळे म्हणायचे, पोरगं बिघडलं. अशा वेळी "सोड रे, विसर आता" म्हणू नका. तेव्हा अंधार किती होता, पाणी कुठवर आलं होतं, घरातली मोठी माणसं काय म्हणत होती, हे त्याला हळूहळू आठवू द्या. त्या क्षणी त्याच्या हातात किती कमी होतं, हे त्याचं त्यालाच दिसायला हवं. त्याला एका दिवसात नाही दिसलं. आठवडाभरातच पोळा आला. मातीचे बैल करायचे का, असं मी त्याला विचारलं. नाही म्हणाला. नाही तर नाही. सणासाठी कुणाला हसायला लावू नये.

रोजची एक ठरलेली वेळ मात्र हवीच. आम्ही मंदिराच्या मंडपात सकाळी हजेरी घ्यायचो, पाढे म्हणायचो, मग मुलं भिजलेली पुस्तकं उन्हात पसरायची. काम द्या, पण घराचा सगळा भार मुलींवर टाकू नका, आणि पैशाची ओढाताण आहे म्हणून शाळा तर मुळीच सोडायला लावू नका.

आजीने दृष्ट काढली तर काढू द्या. उपाशी ठेवणं, धुरी देणं, मारणं मात्र होऊ देऊ नका.

बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही झोप मोडत असेल, तेच प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील, नदीकडचा रस्ता टाळला जात असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. अशा मुलांसाठी बोलण्यातून होणारे उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात. टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. मूल मरणाचं बोललं तर महिनाभर थांबू नका, त्याच दिवशी फोन करा आणि त्याला एकटं सोडू नका.

पुढच्या पावसाळ्यात ही भीती पुन्हा वर येते. ढग भरून येण्याआधीच मुलाला सोबत घेऊन ठरवा: पाणी वाढलं तर कुणाच्या माडीवर जायचं, दप्तर आणि कागदपत्रं कोणत्या पिशवीत, गुरांची दावी कोण सोडणार. दावी सोडायचं काम मोठ्या माणसाकडेच द्या, आणि तसं मुलाला स्पष्ट सांगा.