सूर्यास्त वर्ज्य करून पाहा

कोकणात फोटो काढणाऱ्याची खरी अडचण ही की, येथे फोटो सहसा बिघडत नाही. समुद्र, माड आणि मावळतीचा सूर्य एका चौकटीत आले की चित्र देखणे होतेच, आणि म्हणूनच तोच फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये पडून असतो. त्यावर उपाय नवा कॅमेरा हा नसून, जे सहज जमते तेच काही दिवस स्वतःला वर्ज्य करणे हा आहे. एका वेळी एकच बंधन घ्यावे आणि ते निदान आठवडाभर पाळावे.

पहिल्या आठवड्यात सूर्यास्त बंद. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे संध्याकाळी समुद्राकडे कॅमेरा धरला की माणसे आणि होड्या काळ्या आकृत्या होऊन जातात. त्याच वेळी समुद्राकडे पाठ करून उभे राहावे. मग तोच तांबूस उजेड जांभ्याच्या गडग्यावर, वाळत घातलेल्या जाळ्यांवर आणि सूर्यास्त पाहायला आलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर समोरून पडलेला दिसतो. सकाळी याच्या उलट होते: सूर्य सह्याद्रीकडून वर येतो, त्यामुळे होड्यांचे निळे-पिवळे रंग पाहायचे असतील तर किनाऱ्यावर सकाळीच जावे.

दुसरे बंधन झूमचे. मोबाइलवर बोटांनी चित्र मोठे करायचे नाही, आणि कॅमेरा असेल तर एकच लेन्स ठेवायची. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांचे बहुतेक काम ५० मिमीच्या लेन्सवर केले, हे येथे आठवावे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असताना लांबून झूम केले तर माणसांची एक रांग मिळते. झूम नसले की जवळ जावे लागते, जवळ जायचे तर आधी विचारावे लागते, आणि मग ओल्या दोराने पांढुरक्या पडलेल्या, सुरकुतलेल्या बोटांची मूठ चौकटीत येते. कधीकधी आपल्याही हातात दोर दिला जातो, तेव्हा फोटोचा नाद सोडावा हे बरे.

तिसरे बंधन संख्येचे आहे आणि मला ते सर्वांत जड गेले. जुन्या रोलमध्ये ३६ फोटो असत, तेवढेच दिवसभरात काढायचे आणि काढलेला एकही पुसायचा नाही. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पाहताना मी पहिल्या काही मिनिटांत बत्तीस फोटो उधळले, बहुतेक पापलेटांच्या टोपल्यांचे. नंतर होड्यांवरची मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात शिरल्या, तेव्हा चारच शिल्लक होते. त्या चारांपैकी दोन आजही ठेवण्यासारखे आहेत, बत्तिसांपैकी एकही नाही.

पावसाळ्यात सगळेच हिरवे दिसते, तेव्हा कृष्णधवल फोटो काढावेत. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जांभ्याचा तांबडा आणि शेवाळाचा हिरवा हे दोन्ही रंग पुष्कळदा एकाच राखाडी छटेत उतरतात, त्यामुळे रंगांच्या भरवशावर न राहता पागोळ्यांवरचा उजेड आणि पडवीतला अंधार असा फरक शोधावा.

शेवटचे बंधन जागेचे. घराजवळची एकच जागा निवडावी, जसे की धक्क्याची पायरी, आणि पंधरा दिवस ठरलेल्या वेळी तेथूनच फोटो काढावा. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीला पाऊणने गुणले की तिची ढोबळ वेळ तासांत मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला दुपारी तीनच्या सुमारास ज्या पायरीला पाणी लागलेले असते, त्याच पायरीवरून द्वादशीला तीन वाजता चिखलात कलंडलेली होडी दिसते.