सोलापुरातून आल्प्सच्या सहलीला निघताना
स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि इटली अशी मार्गदर्शकासह सहल ठरवताना प्रथम मुक्काम मोजावेत, कारण जिथे सर्वाधिक दिवस राहायचे आहे, त्याच देशाकडे शेंगेन व्हिसाचा (युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या एकाच प्रवेशपरवान्याचा) अर्ज करावा लागतो आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा जोडावा लागतो. एका दिवसात दोन देश उरकणारी सहल माझ्या मते टाळावीच. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख ही रेल्वेने गाठता येणारी डोंगरखिंड 3,454 मीटर उंचीवर असून तिथे मे महिन्यातही बर्फ असतो. म्हणून ज्येष्ठांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि रेल्वेतून उतरल्यावर अगदी सावकाश चालावे. कडक भाकरी व शेंगाचटणी जरूर न्यावी, मात्र चटणीला तेल सुटते, त्यामुळे डबा दुहेरी पिशवीत बांधावा. तूप व पेढे घरीच ठेवावेत, कारण दुग्धजन्य पदार्थ सोबत नेण्यास तिथे मनाई आहे.