राजकन्यांचे मुकुट लोळले तेव्हा

लेकीचा पाचवा वाढदिवस, थीम राजकन्येची, आणि महिना जुलै! क्रॉफर्ड मार्केटातून सोनेरी कार्डपेपर आणून आदल्या रात्री १२ मुकुट केले. सकाळी बघते तर दमट हवेनं सगळे मान टाकून बसलेले, सेलोटेपही सुटलेली. (ग्लिटर मात्र अजून फरशीवर घट्ट आहे.)

मग माळ्यावरचा जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. जाडजूड कागद, आयताच! पट्ट्या कापून मुकुटांना आतून चिकटवल्या, टोकांना भोकं पाडून इलॅस्टिक ओवलं. स्टेपलर मुद्दाम टाळला, पिना केसांत अडकतात. सासूबाईंनी फाटक्या साडीचा जरीकाठ कडेनं लावून दिला. खरा थाट त्यानंच आला.

केक कापताना शेजारच्या चिंटूनं मुकुट आतली बाजू बाहेर करून घातलेला. कपाळावर ठसठशीत 'श्री गणेश प्रसन्न'.