गॅसचा वास आला तरच बघू? स्वयंपाकघरातल्या या चुका टाळा

नवा सिलिंडर लावला, वास आला नाही, म्हणजे सगळं ठीक असं आपण धरून चालतो. एलपीजीला मुळात वासच नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. पण सर्दीने नाक चोंदलेलं असलं की तोही कळत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा रेग्युलेटर आणि नळीच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत, म्हणून सांगतो: ज्योत जवळ नेऊ नका.

सिलिंडर घेताना आपण फक्त वजन आणि सील बघतो. गॅसवाला दारात असतानाच आतलं वायसर जागेवर आहे का, तेही बघा. वरच्या पट्टीवर चाचणीची मुदत असते. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. बी-२७ असेल तर मुदत जून २०२७ पर्यंत.

नळीचं तर विचारूच नका. तेलकट होऊ नये म्हणून तिच्यावर कापडी कव्हर चढवतात आणि आत पडलेल्या भेगा कुणालाच दिसत नाहीत. नारिंगी सुरक्षा नळीचीही मुदत पाच वर्षांची असते. तारीख नळीवरच छापलेली असते, वाचा. नळी शेगडीच्या मागून, तापलेल्या बर्नरजवळून नेऊ नका.

सगळ्यात जास्त गफलत ओट्याखालच्या ट्रॉलीत होते. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे गळला की खाली साचतो. बंद कपाटात सिलिंडर ठेवायचाच असेल, तर दाराला तळाशी जाळी हवीच. पाइपच्या गॅसचं नेमकं उलट. तो हलका असल्याने छताकडे जातो. म्हणून सिलिंडरवाल्यांनी खालची हवा मोकळी ठेवावी आणि पाइपवाल्यांनी वरची झडप. ती झडप कबुतरांमुळे पुठ्ठा लावून बुजवलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे.

वास आलाच, तर हात पहिला एक्झॉस्टच्या बटणाकडे जातो. तीच चूक. बटण चालू करताना ठिणगी उडू शकते, बंद करतानाही. कुठल्याच बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, घराबाहेर जा आणि मग १९०६ वर फोन करा. हा एलपीजी गळतीचा आपत्कालीन क्रमांक आहे. पाइपचा गॅस असेल तर घरातला कॉक बंद करायचा आणि बिलावरचा तातडीचा नंबर लावायचा. तो आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. ऐन वेळी बिल सापडत नाही.

ज्योत पिवळी, भांडी काळी होत असतील तर बर्नर साफ करून घ्या. आणि बाथरूममध्ये गॅस गीझर बसवला असेल, तर तो आधी बाहेर काढा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यात मर्कॅप्टनही कुणी मिसळत नाही.