ठसेकाम शिकवताना या चुका टाळा: आधी बिघडलेला ठसा वाचा

आठवीतल्या एका मुलीने लिनोवर, म्हणजे कोरून, शाई लावून कागदावर ठसा घ्यायच्या मऊ, सपाट तुकड्यावर, कोंबडा कोरला होता. तुरा, मान, शेपटीची लांब पिसं, सगळं दोन तासिका जीव लावून कोरलेलं. पहिला ठसा उचलला, तर कोंबड्यावर कुणी मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. मी घाईत म्हटलं, "शाई कमी पडली, अजून लाव." तिने लावली. दुसऱ्या ठशात पिसांमधल्या बारीक रेषा बुजल्या, तिसऱ्यात तुरासुद्धा गेला. आपलं कोरणंच चुकलं असं तिला वाटलं आणि ती रडवेली झाली. चूक माझ्या सांगण्यात होती. मार्च महिना, डोक्यावर पंखा पूर्ण वेगात, आणि पाण्यात मिसळणारी शाई काचेवरच सुकत चाललेली. सुकत्या शाईवर आणखी शाई चढवायला मीच सांगितलं होतं.

तेव्हापासून माझ्या वर्गात बिघडलेला ठसा फाडायचा नाही, अशी शिस्त आहे. तो खिडकीशी नेऊन नीट बघायचा, कारण शोधायचं आणि कागदाच्या पाठीमागे पेन्सिलने लिहून ठेवायचं. चित्र बिघडलं तर का बिघडलं हे सांगणं अवघड असतं. ठसा मात्र बहुतेक वेळा स्वतःच सांगतो. ठिपके सगळीकडे सारखे असतील, तर शाई सुकली आहे, थर अपुरा आहे किंवा कागद खरखरीत आहे. फिका भाग एकाच कोपऱ्यात असेल, तर तिथे हात नीट फिरला नाही. कडा दुहेरी दिसत असेल, तर घासताना कागद सरकला. रेषा बुजल्या असतील, तर शाई जास्त झाली. मुलांना एवढं वाचता आलं की "सर, बघा ना काय झालं" ही हाक निम्म्याने कमी होते.

शाई नजरेने आणि कानाने मोजा

सगळ्यात जास्त ठसे इथेच बिघडतात. मुलं ट्यूब पिळतात, रोलर त्या गोळ्यात बुडवतात आणि थेट लिनोवर फिरवतात. त्याऐवजी काचेच्या किंवा गुळगुळीत टाइलच्या वरच्या कडेला शाईची बारीक पट्टी ओढायची. तिथून रोलरला थोडी घ्यायची आणि खाली मोकळ्या जागेत उभी-आडवी पसरायची. दर फेरीला रोलर उचलायचा, म्हणजे तो फिरून दुसऱ्या बाजूने टेकतो. थर जमला की पृष्ठभाग मखमलीसारखा दिसतो आणि चिकटपट्टी हळूच सोडवावी तसा बारीक चरचर आवाज येतो. संत्र्याच्या सालीसारखे उंचवटे दिसले तर शाई जास्त आहे. मी वर्गाला गप्प करून तो आवाज ऐकवतो. एकदा ऐकला की पोरं विसरत नाहीत.

कोरलेल्या लिनोवर शाईचा एकच जाड थर देण्यापेक्षा चार-पाच पातळ थर द्यावेत. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवा, पाण्याच्या शाईत ग्लिसरीनचे दोन-चार थेंब घाला आणि एका वेळी थोडीच शाई काढा. खास शाई परवडत नसेल, तर गावातल्या छापखान्यातून ऑफसेटची तेलाची शाई थोडी मागून आणता येते. ती अजिबात घाईने सुकत नाही, बारीक रेषा सुंदर उठते. पण पावसाळ्यात ते ठसे वाळायला कित्येक दिवस घेतात, म्हणून दोरी आणि चिमट्यांची सोय आधी करा. ही शाई पुसायला मुलांच्या हातात रॉकेल किंवा टर्पेंटाइन देऊ नका. आधी खाण्याचं तेल लावून रद्दीच्या कागदाने पुसायचं, मग साबण. रोलर काचेवर टेकवून ठेवला तर रबराला कायमचा चपटेपणा येतो, तो पाठीवर उलटा ठेवायची सवय लावा.

पेन्सिलचं चित्र लिनोवर तसंच उतरवू नका

मूल कागदावर काळ्या रेषेने पांढऱ्यावर काढतं. तेच चित्र लिनोवर घेतलं की प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंनी कोरून रेषा तेवढी उभी ठेवावी लागते. आठवीच्या मुलाला ते झेपत नाही. रेषा तुटते आणि मोकळ्या जागेत उरलेल्या उंचवट्यांचे शाईचे ओरखडे उठतात.

इथे मी चित्रकार नंदलाल बोस यांचं १९३० सालचं दांडीयात्रेतल्या गांधीजींचं लिनोचित्र दाखवतो. काठी घेऊन चाललेली ती आकृती बघितल्यावर मुलांना विचारा, "बोसांनी किती कोरलं असेल?" मागचा काळा भाग त्यांनी तसाच ठेवला आहे आणि मोजक्या पांढऱ्या रेषांत माणूस उभा केला आहे. मुलांना एकदम उमगतं: कोरलं ते पांढरं, ठेवलं ते काळं. चित्रकार चित्तप्रसाद यांनी मुंबईत राहून केलेली लिनोचित्रंही दाखवण्यासारखी आहेत. कष्ट करणाऱ्या मुलांची ती चित्रं वर्गातल्या मुलांना फार जवळची वाटतात. त्यानंतर काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने आराखडा काढून घ्यायचा. खडू जिथे फिरला तिथे कटर फिरणार. या एका तासिकेने पुढच्या चार वाचतात.

अक्षरं उलटी येणार हे आधी दाखवा

"शाळा" कोरून उलटं छापलेलं मूल खट्टू होतं, आणि देवनागरीत काना दुसऱ्या बाजूला गेला की शब्द वाचताही येत नाही. अक्षरं ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने लिहायची, कागद पालथा घालून मागून घासायचं, म्हणजे लिनोवर ती आपोआप उलटी उमटतात. कोरण्याआधी आरशात बघायचं. आरशात सरळ वाचता आलं तरच कटर हातात.

ही कसरत आपल्याकडे जुनी आहे. नाना फडणवीसांच्या काळात पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची खटपट सुरू झाली आणि पुढे १८०५ मध्ये मिरजेत भगवद्गीता अशा पत्र्यांवरून छापली गेली. त्या कारागिरांनी श्लोकच्या श्लोक उलट्या अक्षरांत कोरले. हे सांगितलं की आपलं चार अक्षरी नाव कोरायला मुलं नव्या उमेदीने बसतात.

कटर आणि हात

यात तडजोड नको. कटर न धरलेला हात पात्याच्या पुढे आला की जखम ठरलेली. सुताराकडून प्लायचे तुकडे करून घ्या: वरच्या बाजूला पलीकडच्या कडेला एक पट्टी, खालच्या बाजूला अलीकडच्या कडेला दुसरी. खालची पट्टी बाकाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला लिनो टेकतो, आणि दोन्ही हात पात्याच्या मागे राहतात. वळणदार रेषेसाठी हात न वळवता लिनो फिरवायचा. बोथट पातं धारदार पात्यापेक्षा जास्त घसरतं, म्हणून वर्षातून निदान एकदा धार लावून घ्या. थंडीत लिनो कडक होतो. दहा मिनिटं उन्हात ठेवला तर लोण्यासारखा कापला जातो. आणि मागचं तागाचं कापड दिसेपर्यंत खोल जायचं नाही; दीड मिलिमीटर पुरतं.

पन्नासच्या वर्गात सगळ्यांना एकदम कटर देऊ नका. दहाजण कोरतील, दहाजण छापतील, बाकीचे आराखड्यावर असतील. तासिका संपताना कटर मोजून घेतल्याशिवाय कुणी जागेवरून उठायचं नाही.

आणि एक विनंती: एखाद्याचं कोरणं वाकडं जातंय म्हणून त्याच्या हातातून कटर घेऊन तुम्ही पूर्ण करू नका. प्रदर्शनाच्या आधी हा मोह फार होतो, मला झालेला आहे. ठसा देखणा आला, पण त्या मुलाने त्याच्याकडे परत पाहिलं नाही.

लहान वर्गांसाठी

पाचवी-सहावीला लिनो नको. परदेशी व्हिडिओंत थर्माकोलच्या ताटल्या वापरतात, पण आपल्या राज्यात त्यांच्यावर २०१८ पासून बंदी आहे. स्टेशनरीच्या दुकानातली फोम शीट घ्या आणि रिकाम्या बॉलपेनने दाबून रेषा काढा. बटाटा आणि भेंडीचे ठसे ओघळतात, कारण कापलेला भाग ओला असतो. फडक्याने टिपून दहा मिनिटं तसाच ठेवायचा आणि पोस्टर कलर पाणी न घालता स्पंजवर घ्यायचा. पानाच्या ठशात शिरा उठत नसतील, तर रंग पानाच्या मागच्या बाजूला लावा, शिरा तिकडे उचललेल्या असतात. पुठ्ठ्यावर दोरा, कापड चिकटवून ठसा करणार असाल, तर वरून फेविकोलचा पातळ हात देऊन पूर्ण वाळू द्या. नाहीतर पहिल्याच छापेला पुठ्ठा सोलून निघतो.

कागद आणि घासणं

यंत्र नसलेल्या शाळेत जाड कार्डशीटवर हाताने ठसा उठत नाही. पातळ, गुळगुळीत कागद घ्या. हातकागद वापरायचाच असेल तर आधी किंचित ओलसर करा, आणि तेव्हा शाई तेलाची हवी. स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मध्यापासून कडेकडे घासायचं. एक कोपरा दाबून धरून दुसरा उचलून बघायचा, फिकं असेल तिथे पुन्हा घासायचं. दोन रंगांचं काम असेल, तर बाकावर पुठ्ठ्याचा काटकोन चिकटवा आणि लिनो व कागद दर वेळी त्यालाच टेकवा. एकाच लिनोवर टप्प्याटप्प्याने कोरत रंग चढवणार असाल, तर पहिल्या रंगाचे सगळे ठसे, वर तीन जास्तीचे, आधी काढून घ्या. पुढचं कोरलं की मागे फिरता येत नाही.

चांगले ठसे निवडून झाले की खाली डावीकडे क्रमांक, उजवीकडे सही, दोन्ही पेन्सिलने. एकूण आठ असतील तर तिसऱ्यावर ३/८.

कोंबड्याचे पुढच्या आठवड्यात सहा ठसे नीट निघाले, एक तिने घरी नेला. ठिपक्यांचा तो पहिला मात्र चित्रकलेच्या कपाटात आहे. मागे तिच्या अक्षरात लिहिलंय, "शाई सुकली. पंखा बंद करणे."