गावाच्या पाणीपुरवठ्याचे वीजबिल कसे कमी करावे : आधी मोजणी, सौर पॅनेल शेवटी

मराठवाड्यातील बहुतेक ग्रामपंचायतींच्या खर्चात विजेचा मोठा वाटा दोनच ठिकाणी जातो : पाणीपुरवठ्याची मोटार आणि पथदिवे. हे बिल कमी करण्याचा विषय मासिक सभेत निघाला की पहिली सूचना हमखास सौर पॅनेलची येते. सूचना चुकीची नाही, पण तिची वेळ चुकलेली असते. जी मोटार गरजेपेक्षा दीडपट वीज खाते तिच्यासाठी पॅनेल बसवायचे म्हणजे गळक्या रांजणासाठी मोठी घागर विकत घेण्यासारखे आहे. म्हणून या लेखात कामाचा क्रम मुद्दाम वेगळा ठेवला आहे. सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि पाणी सोडणारा कर्मचारी एवढी माणसे आणि एक कोरी वही असली, की बहुतेक मोजणी गावातच होते.

बिल समोर ठेवावे

मागील बारा महिन्यांची बिले एकत्र काढून स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क आणि थकबाकीवरील व्याज असे वेगवेगळे रकाने करावेत. मोटार कमी वीज घेऊ लागल्यावर यातील युनिटशी बांधलेले आकार कमी होतात, स्थिर आकार मात्र मंजूर भार कमी करून घेतल्याशिवाय उतरत नाही आणि व्याज तर बचतीशी संबंधितच नसते. एकूण बिलाला एकूण युनिटने भागून आलेल्या दराने बचत मोजण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तिच्यामुळे अपेक्षित बचत फुगते आणि वर्षअखेरीस हिशेब जुळत नाही.

बिलावर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. जोडणी सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या वर्गात आहे की चुकून व्यावसायिक वर्गात, हे तपासावे. आणि रीडिंग प्रत्यक्ष घेतलेले आहे की महिनोन्महिने सरासरीने बिल येते आहे, तेही पाहावे. मीटर बंद असेल तर आधी अर्ज करून तो बदलून घ्यावा, कारण बंद मीटरवर केलेली बचत कोणत्याच कागदावर उमटत नाही.

मोटारीची परीक्षा

एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला तत्त्वतः ०.२७२५ युनिट वीज लागते. यापेक्षा कमी विजेत हे काम जगातील कोणताही पंप करू शकत नाही. प्रत्यक्षात मोटार, पंप आणि पाइप या तिन्हींत ऊर्जा वाया जात असल्यामुळे खर्च वाढतो. किती वाढतो हे कळण्यासाठी जलकुंभालाच मापाचे भांडे करावे.

औसा तालुक्यातील एका गावात ही मोजणी आम्ही अशी केली. पहाटे टाकी रिकामी असताना बाहेर जाणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला. मोटार सुरू करण्यापूर्वीचे मीटरचे रीडिंग दशांशासह वहीत लिहिले. एक जण मोटारीपाशी थांबला, दुसरा खुणा केलेला बांबू घेऊन टाकीवर चढला आणि पाणी वरच्या खुणेला टेकताच त्याने खाली हाक दिली. त्या क्षणाचे रीडिंग आणि वेळ पुन्हा लिहिली. नंतर विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून टाकीत पाइप उघडतो त्या तोंडापर्यंतची उभी उंची दोरी आणि टेपने मोजली. खर्च झाला तो चहाचा.

आता हिशेब पाहू. समजा टाकी ५० हजार लिटरची आहे, मोटार १० हॉर्सपॉवरची आहे, उभी उंची ४५ मीटर आहे आणि ती भरायला अडीच तास व २० युनिट लागले. तत्त्वतः लागणारी वीज ५० × ४५ × ०.००२७२५, म्हणजे ६.१ युनिट. याचा अर्थ वापरलेल्या प्रत्येक तीन युनिटांपैकी दोन युनिटे पाणी चढवण्याच्या कामी आलीच नाहीत. एवढे पाणी एवढ्या उंचीवर योग्य निवडीचा पंप आणि पुरेशा रुंदीचा पाइप साधारण १२ युनिटांत चढवू शकतो. त्यासाठी १० हॉर्सपॉवरची गरज नसून ५ हॉर्सपॉवरची मोटार पुरते. मराठवाड्यात मोटारी गरजेपेक्षा मोठ्या असण्यामागे कारण आहे. उन्हाळ्यात पातळी खोल जाते, रात्री व्होल्टेज पडते, लाइट किती तास राहील याचा भरवसा नसतो, म्हणून दुकानदारही आणि आपणही ‘एक नंबर वरची’ घेऊन मोकळे होतो. ही मोजणी म्हणूनच एकदा डिसेंबरात आणि एकदा मे महिन्यात करावी. विहिरीची पातळी दहा मीटरने उतरली तर पंपाची निवड बदलते.

दोष पंपात आहे की पाइपमध्ये, हे ओळखायला विहिरीच्या तोंडाशी प्रेशर गेज लावावा. दहा मीटर उंचीला सुमारे एक किलोचा दाब, हे प्रमाण लक्षात ठेवले की पुरते. गेजपासून टाकीपर्यंतची उभी उंची ३० मीटर असताना काटा साडेचार किलो दाखवत असेल, तर दीड किलोचा दाब केवळ घर्षणात जातो आहे. पाइप अरुंद आहे, नको तितके बेंड आहेत, एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे किंवा आपल्या भागातील जड पाण्याचे क्षार आतून साचले आहेत, असा त्याचा अर्थ होतो. पाइपचा व्यास अडीच इंचावरून तीन इंचांवर नेला तर तेवढ्याच पाण्याला होणारे घर्षण पूर्वीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येते. अशा वेळी मोटार बदलण्यात पैसे घालू नयेत. काटा ठीक असूनही युनिटे जास्त जात असतील तर झिजलेला इम्पेलर (पंपातील पाणी ढकलणारा फिरता पंखा), वारंवार रिवाइंडिंग झालेली मोटार किंवा मुळातच चुकीच्या उंचीसाठी घेतलेला पंप, यांपैकी काहीतरी निघते.

गळती

गावापर्यंत न पोहोचलेल्या पाण्यावरही वीज खर्च झालेलीच असते. गळती शोधायला एप्रिलसारखा महिना नाही. विहिरीपासून टाकीपर्यंतच्या वाहिनीवरून सकाळी चालत जावे. सगळे शिवार करपलेले असताना जिथे हिरवे गवत तगून आहे किंवा म्हशी चिखलात बसल्या आहेत, तिथे खोदावे. टाकी भरल्यावर व्हॉल्व्ह बंद ठेवून रात्रभरात पातळी किती उतरते तेही पाहावे. टाकी ओसंडून वाहत असेल तर ती भरताच मोटार आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवावा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या भागात ओसंडणारी टाकी हा केवळ विजेचा प्रश्न राहत नाही.

पथदिव्यांबाबत थोडक्यात. एलईडी दिवे बहुतेक गावांत आले आहेत, पण दिवसा जळणारे दिवेही तितकेच दिसतात. ४० वॅटचे ४० दिवे दिवसाचे बारा तास विनाकारण जळले तर वर्षाला सुमारे ७ हजार युनिटे जातात. काही हजार रुपयांचा टायमर आणि पथदिव्यांची वेगळी तार एवढ्यानेच हे थांबते. पूर्ण लेखात याहून लवकर वसूल होणारा खर्च दुसरा नाही, आणि तरीही तो सर्वांत जास्त रखडतो, कारण टायमरच्या उद्घाटनाला कोणी फीत कापत नाही.

खर्च कधी परवडतो

वरच्या उदाहरणात टाकी दिवसातून दोनदा भरते असे धरू. प्रत्येक वेळी ८, म्हणजे रोज १६ आणि वर्षाला ५,८४० युनिटे वाचतील. युनिटशी बांधलेले सर्व आकार मिळून ६ रुपये धरले तर वर्षाची बचत सुमारे ३५ हजार रुपये होते. येथे ६ रुपयांच्या जागी आपल्या बिलावरचा आकडा घालावा. नवा पंप, पाइप, स्टार्टर आणि बसवण्याची मजुरी मिळून ८० हजार रुपये लागले तर सव्वादोन ते अडीच वर्षांत पैसे परत येतात. पैसे ९ टक्के व्याजाचे आहेत आणि पंप आठ वर्षे चालतो असे धरले, तर त्या आठ वर्षांच्या बचतीचे आजचे मूल्य सुमारे १ लाख ९४ हजार रुपये भरते. खर्चाच्या दुपटीहून ते जास्त आहे. दरपत्रके मागवताना केवळ सर्वांत कमी किंमत न पाहता, प्रत्येक पंपाची आठ वर्षांची वीज त्याच्या किमतीत मिळवून तुलना करावी. स्वस्त पंप बहुधा तिथेच महाग ठरतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन पंपांनाही असते, परंतु पंचतारांकित पंपसुद्धा चुकीच्या उंचीला लावला तर वीज खातोच.

आता सौर पॅनेल. एक किलोवॅट पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिटे देते असे धरू. जुन्या मोटारीची रोजची ४० युनिटे भागवायला १० किलोवॅट लागतील, नव्या पंपाच्या २४ युनिटांना ६ किलोवॅट पुरतील. किलोवॅटला ५५ हजार रुपये धरले तर ८० हजारांच्या पंपाने २ लाख २० हजारांची पॅनेल्स वाचवली. क्रम उलटा केला तर हे पैसे कायमचे गेले, कारण आधी बसवलेली जादा पॅनेल्स परत घेणारा कोणी नसतो. पाणीपुरवठ्याला एक सोय अशी की दिवसा पाणी चढवून जलकुंभात साठवता येते, त्यामुळे महागड्या बॅटरीची गरज पडत नाही. धूळ पुसण्याची जबाबदारी मात्र एका माणसाच्या नावावर लिहावी. वानरांचा बंदोबस्तही अंदाजपत्रकात धरावा.

देशातील ग्रिडमधून एक युनिट वीज वापरली की सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या उदाहरणात पंप बदलल्याने वर्षाला सुमारे ४ टन उत्सर्जन कमी होते. परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या पाहत मोठे झालेल्यांना हे वेगळे समजवावे लागणार नाही. पण कार्बन क्रेडिट, म्हणजे उत्सर्जन कमी केल्याचे प्रमाणपत्र, विकून पैसे मिळतील या आशेवर एकट्या गावाने योजना आखू नये. भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली असली, तरी टनाला ८०० रुपये भाव धरूनही चार टनांचे ३,२०० रुपये होतात. पडताळणीचा खर्च त्याहून कितीतरी जास्त येईल.

पैसे कुठून आणावेत

येथे एक कटू गोष्ट आधी सांगितली पाहिजे. जी ग्रामपंचायत चालू बिल भरतच नाही, तिची वीज वाचली तरी तिजोरीत एक रुपयाही वाचत नाही. वाढत्या थकबाकीचा वेग तेवढा कमी होतो. कर्ज देणारा किंवा बचतीतून पैसे वसूल करणारा कंत्राटदार नेमके हेच पाहतो. त्यामुळे मागील थकबाकीचे हप्ते बांधून घेणे आणि चालू बिल वेळेवर भरणे ही योजनेची पहिली पायरी आहे.

त्यानंतर टायमर, फ्लोट स्विच, गळतीची दुरुस्ती अशी छोटी कामे पाणीपट्टी आणि दिवाबत्ती कराच्या वसुलीतून करावीत. पंप आणि पाइपसाठी वित्त आयोगाचा निधी पाहावा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ पासून ग्रामपंचायतींच्या अनुदानाचे ६० टक्के बंधित (ठरवून दिलेल्या कामांसाठीच) आणि ४० टक्के अबंधित असे भाग केले होते, आणि बंधित भागात पिण्याचे पाणी येत होते. त्या आयोगाचा कालावधी मार्च २०२६ पर्यंतचा होता. २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा कालखंड सुरू होत असल्याने ताज्या सूचना पंचायत समितीतून घेऊनच काम आराखड्यात घालावे. ग्रामपंचायत विकास आराखड्यात नाव नसलेल्या कामाला नंतर पैसे मिळवणे जिकिरीचे होते. म्हणून मोजणीचे आकडे त्या ग्रामसभेच्या आधी तयार हवेत, आणि ठरावात ‘पंप बदलणे’ एवढेच न लिहिता उंची, पाणी, युनिटे आणि अपेक्षित बचत लिहावी.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या वर्गणीतून उभा राहणारा जिल्हा ग्रामविकास निधी आहे आणि त्यातून ग्रामपंचायतींना कर्ज मिळते, हे अनेक सदस्यांना ठाऊक नसते. अडीच वर्षांत वसूल होणाऱ्या पंपासाठी असे कर्ज घेणे वावगे नाही. दहा वर्षांत वसूल होणाऱ्या कामासाठी घेताना मात्र शंभर वेळा विचार करावा. बचतीतून पैसे फेडण्याच्या करारासाठी एकटे गाव फार लहान पडते. एकाच प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेवरची दहा-पंधरा गावे एकत्र आली तर अशा कंपनीशी बोलण्याइतके काम तयार होते. त्या करारात मूळ वापर कोणत्या वर्षाचा धरला आहे ते काटेकोर पाहावे. दुष्काळी वर्ष मूळ धरले, तर पातळी खोल असल्यामुळे युनिटे आधीच जास्त असतात आणि पुढच्या चांगल्या पावसाचे श्रेयही कंपनी आपल्या बचतीत मोजते. यावरचा उपाय म्हणजे बचत महिन्याच्या एकूण युनिटांवर न मोजता, हजार लिटरमागे आणि मीटरभर उंचीमागे किती युनिटे लागली यावर मोजणे.

वाचलेले पैसे वेगळ्या नोंदीत ठेवावेत, नाहीतर ते मंडप, मिरवणूक आणि मुरूम यांत विरघळतात. त्या नोंदीतून सर्वांत आधी जळालेल्या मोटारीसाठी राखीव रक्कम बाजूला काढावी. मोटार नेहमी मे महिन्यातच जळते, गावात दोन दिवस पाणी नसते, आणि त्या घाईत मेकॅनिक जी हाती लागेल ती १० हॉर्सपॉवरची मोटार आणून सोडतो. वर्षभराची सगळी आकडेमोड एका संध्याकाळी विहिरीत जाते. औसा तालुक्यातील त्या गावात आम्ही एवढेच केले, की स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून ऑइलपेंटने लिहून ठेवले : उंची ४५ मीटर, पाणी तासाला २० हजार लिटर, मोटार ५ हॉर्सपॉवर, पाइप तीन इंची. पेटी उघडल्याशिवाय कोणालाच मोटार सोडवता येत नाही.