बांधी सतत तुडुंब ठेवू नका: धान, नाल्याचे पाणी आणि आर्सेनिक

रोवणी आटोपली. आता पावसाने दडी मारली की नागपूर जिल्ह्यात सावनेर, पारशिवनी, कामठी भागात नाल्यांवर आणि कन्हान-कोलारच्या काठी मोटरी लागतील. त्याआधी वरच्या अंगाला जाऊन पाहून या. खाणीतून उपसलेले पाणी किंवा वीज केंद्राच्या राखेच्या तलावाचे पाणी त्या नाल्यात उतरते का? उतरत असेल तर आधी आर्सेनिकची तपासणी करा. या विषाला रंग, वास, चव काही नाही. उकळूनही ते जात नाही, उलट पाणी आटेल तसे वाढते.

आर्सेनिक मूळचे खडकातले. गंधकाच्या खनिजांत ते असते. खाणीत खडक फुटून हवापाणी लागले की सुटते. शेजारच्या छत्तीसगडात अंबागड चौकी भागातल्या बोअरवेलमध्ये ते खडकातूनच उतरले आहे. म्हणून खाण दूर असली तरी बोअर एकदा तपासाच. मृदा आरोग्य पत्रिकेच्या 12 घटकांत आर्सेनिक नाही, प्रयोगशाळेत नाव घेऊन सांगावे लागते. बोअर दहा मिनिटे चालू द्या, प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, ओलितासाठी 0.1.

सगळ्यात जपायचे ते धानाला. पाणी सतत उभे राहिले की चिखलातली हवा संपते, मातीतल्या लोहाला चिकटलेले आर्सेनिक मोकळे होते आणि मुळे सिलिका (वाळूतले खनिज) घेतात त्याच वाटेने तेही आत घेतात. गव्हापेक्षा धान ते कितीतरी जास्त ओढते. उपाय आपल्या हातात आहे. छिद्रे पाडलेला फूटभर पाइप बांधीत (धानाच्या बांध घातलेल्या शेतात) गाडा. रोवणीला दोन आठवडे झाले की पाणी आटू द्या. पाइपात ते जमिनीखाली 15 सेंटिमीटर गेले की पुन्हा 5 सेंटिमीटर भरा. भारी जमिनीत मोठ्या भेगा पडू देऊ नका. फुलोऱ्याच्या आधी आणि नंतर आठवडाभर मात्र पाणी ठेवाच, नाहीतर दाणा पोचट राहील. तण वाढेल, एक निंदण जास्त लागेल. ती मजुरी मी खुशाल मोजेन, कारण हा भात घरची लेकरे रोज खातात.

राइस मिलमधली तुसाची राख सिलिका देते आणि सिलिका मिळाली की मुळे आर्सेनिक कमी ओढतात, म्हणून ती बांधीत चालेल. वीज केंद्राची राख वेगळी, तिच्यातच आर्सेनिक असते.

तपासणीत पाणी मर्यादेबाहेर निघाले तर त्या बांधीचे तणस (धानाचा पेंढा) गुरांपुढे टाकू नका. दाण्यापेक्षा तणसात आर्सेनिक जास्त साठते. घरी भात चांगल्या, भरपूर पाण्यात शिजवा आणि पेज ओतून द्या.